काकांच्या त्रेसष्ट डिस्क



गेल्या दीड वर्षात मी माझ्या काकांनी ठेवलेल्या ६३ डिस्क एक-एक करून संगणकावर उतरवल्या. इथल्या दोन-तीन जणांनी "कसं केलं, काय लागतं, आमच्याकडेही पडल्यात" असं विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

आम्ही इंदूरचे, पाच पिढ्यांपासून. खापरपणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. राजवाड्याच्या मागच्या बाजूला आमचा जुना वाडा होता. तीन बिऱ्हाडं आमची, चार भाडेकऱ्यांची, मध्ये चौक. काका वीज मंडळात नोकरीला. पगारात न बसणारा त्यांचा एकच शौक होता, आवाज भरून ठेवायचा. १९६७ साली त्यांनी कोणाकडून तरी जुनं ग्रुंडिगचं स्पूल मशीन घेतलं. काकू सांगते की त्या वर्षी दिवाळीला तिला लुगडं मिळालं नाही, मशीन मिळालं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं चौकात जे काही झालं ते काकांनी भरलं. गणपतीतले कार्यक्रम, कीर्तनं, कोणाच्या मंगळागौरीचे खेळ, बिऱ्हाडातल्या पोरांच्या नकला. आमची आजी, म्हणजे माई, पहाटे ओव्या म्हणायची, त्या. श्राद्धपक्षात मालव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात आणि गाणी म्हणतात; आमच्या वाड्यातल्या मराठी मुलीही शेजारणींबरोबर तीच मालवी गाणी म्हणायच्या, तीही आहेत.

हे सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुमारजी आहेत का त्यात? अमीर खाँसाहेब?" प्रश्न बरोबर आहे. अमीर खाँसाहेबांचं नावच इंदूरशी जोडलेलं, आणि कुमार गंधर्व १९४८ पासून शेजारी देवासला. पण नाही, ते दोघंही यात नाहीत. यात कोणीच मोठं नाही. मोठ्यांचं ध्वनिमुद्रण आकाशवाणीने केलं, कंपन्यांनी केलं, रसिकांनी जपलं. आमच्या चौकातल्या माणसांचं फक्त काकांनी केलं. हरवलं तर दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

आता डिस्कची गोष्ट. २००५ च्या सुमारास काकांच्या लक्षात आलं की स्पूलच्या फितीवरचा तपकिरी थर सुटून राहिला आहे. मशीनच्या हेडवर भुकटी जमायची. तेव्हा ते निवृत्त होते. त्यांनी एक चांगलं साउंड कार्ड घेतलं आणि चार वर्षं बसून एक-एक स्पूल संगणकात घेतलं. लोकांनी सांगितलं, सीडी करा, सोपं पडेल. काकांना ते पटलं नाही. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, आणि कीर्तन दीड-दोन तासांचं. मध्ये कुठे कापायचं? म्हणून त्यांनी डीव्हीडी-ऑडिओ हा प्रकार धरला. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. या दर्जाचा आवाज तासाला साधारण दोन जीबी जागा खातो, म्हणजे ४.७ जीबीच्या एका डिस्कवर सव्वादोन तास. आख्खी बैठक एका डिस्कवर. अशा ५२ डिस्क त्यांनी केल्या. उरलेल्या ११ विकतच्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

घरच्या स्पूलला एवढ्या उंची दर्जाची गरज होती का, हे मला बरेच जण विचारतात. खरं सांगायचं तर त्या मशीनच्या फितीत एवढं नव्हतंच. वरच्या पट्टीत नुसती सरसर आहे. पण घेताना २४ बिटचा फायदा झाला. १६ बिटमध्ये आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटमध्ये एक कोटी ६७ लाखांवर. त्यामुळे काकांनी आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवली. पखवाजाची थाप फाटली नाही आणि माईचं पुटपुटणंही बुडालं नाही. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही, असं ते म्हणायचे.

२०११ मध्ये वाडा विकला. स्पूल तोवर चालवण्याच्या लायकीचे राहिले नव्हते, ते मशीनसकट भंगारात गेले. २०१९ मध्ये काका गेले. डिस्क राहिल्या काकूच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात. इंदूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा एक सेंद्रिय थर असतो, लेझर त्यावरच लिहितो. ऊन, उष्णता आणि ओल हे तिन्ही त्याचे वैरी. तरी काकांनी दोन गोष्टी चांगल्या केल्या होत्या. कागदी लेबलं चिकटवली नव्हती, आणि नावं मधल्या कडीवर मार्करने लिहिली होती.

या डिस्क जवळजवळ गेल्याच होत्या. घर आवरताना चुलतभावाने त्यातली एक टीव्हीच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली. प्लेअर म्हणाला, डिस्कवर काही नाही. दुसरी घातली, तेच. "सगळ्या रिकाम्या आहेत," म्हणून त्याने पिशवी दाराशी नेऊन ठेवली. त्याचा काही दोष नाही. डीव्हीडीवर दोन वेगळी दालनं असतात, एक चित्रासाठी आणि एक आवाजासाठी. साधा प्लेअर फक्त चित्राच्या दालनात डोकावतो. डीव्हीडी-ऑडिओचा माल असतो दुसऱ्या दालनात. तुमच्याकडेही २००० नंतरच्या दहा वर्षांतल्या अशा "रिकाम्या" डिस्क असतील तर टाकू नका. आधी संगणकावर उघडून बघा.

आता काम कसं केलं ते. पहिला नियम असा ठेवला की डिस्क वाजवून बघायची नाही. आधी तिची जशीच्या तशी प्रतिमा उतरवून घ्यायची, मग जे करायचं ते त्या प्रतिमेवर. आजारी डिस्क किती वेळा वाचू देईल याचा भरवसा नसतो. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. ते हुशार आहे. सहज वाचता येतं ते आधी सगळं वाचून घेतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि मग पुन्हा-पुन्हा त्याच जागी जाऊन प्रयत्न करतं. रात्री बंद केलं तरी सकाळी तिथूनच पुढे सुरू होतं. एक डिस्क सहा दिवस चालली होती.

दुसरी गोष्ट, ड्राइव्ह बदलून बघायची. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसरीला येतं. मी तीन वापरल्या, त्यातली सर्वांत जुनी सर्वांत कामाची निघाली. डिस्क पुसताना गोल-गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची.

४६ डिस्क पूर्ण आल्या. चार अर्धवट. दोन उघडल्याच नाहीत. अर्धवट आलेल्या चारही शेवटाकडे अडल्या. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कड बहुधा आधी खराब होते. म्हणजे कार्यक्रमाची सुरुवात शाबूत आणि शेवट गेलेला. बैठकीच्या शेवटी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. तीन बैठकींच्या भैरव्या अशा गेल्या. एकीत षड्ज लागतो, दोन स्वर येतात आणि पुढे काही नाही. मी ती फाइल तशीच ठेवली आहे. शेवट हळूच मिटवून टाकला असता तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं की बैठक तिथेच संपली.

प्रतिमेतून आवाज बाहेर काढला आणि त्याची फ्लॅक फाइल केली. हा प्रकार २००१ पासून आहे, मोफत आहे आणि कोणा एका कंपनीच्या हातात नाही. फ्लॅक आणि एमपी३ यांत फरक काय, तर धोतराची घडी घालणं आणि धोतर कापून लहान करणं यात जेवढा आहे तेवढा. फ्लॅकची घडी उलगडली की मूळचा प्रत्येक बिट परत मिळतो. शिवाय मूळ आवाजाचा एक ठसा फाइलीतच नोंदलेला असतो. दहा वर्षांनी ताडून बघता येतं की मधल्या काळात काही बिघडलं का. संगीताच्या चोख सीडी फ्लॅकमध्ये निम्म्याच्या आसपास येतात, आमच्या फाइली मात्र दोन-तृतीयांशाच्या खाली गेल्या नाहीत. कारण फितीची सरसर. तिच्यात कसलीच पुनरावृत्ती नसते, त्यामुळे तिची घडी बसत नाही.

विकतच्या ११ डिस्क सुपर ऑडिओ सीडी आहेत, काकांच्या अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेल्या. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेला हा प्रकार. त्यांचं वेगळंच प्रकरण. संगणकात घातली की फक्त साध्या सीडीचा थर दिसतो. खरा थर, ज्यात एकेक बिट सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा लिहिलेला असतो, तो संगणकाची ड्राइव्ह वाचतच नाही. काही ठराविक जुन्या ब्लू-रे प्लेअरमधून नेटवर्कच्या तारेने तो उतरवता येतो. बडोद्याच्या एका स्नेह्यांकडे तसा प्लेअर होता. रात्रीच्या बसने गेलो, दोन दिवस राहिलो, काम झालं. ती पद्धत फ्लॅकपेक्षा मुळात वेगळी असल्याने मूळ फाइल तशीच ठेवली आणि ऐकण्यापुरती फ्लॅक वेगळी केली. त्या डिस्क विकत घेतलेल्या, त्यामुळे त्यांच्या प्रती घरातच राहतील, कृपया मागू नका. आणि खरं म्हणजे त्या हरवल्या असत्या तर वाईट वाटलं असतं, एवढंच. जगात त्यांच्या प्रती आहेत.

आता ज्यावरून घरात वाद झाला ते. माझ्या पुतण्याने मदत म्हणून चार-पाच रेकॉर्डिंगं "साफ" करून दिली. सरसर काढली, मधलं बोलणं काढलं, भांड्यांचे आवाज, खोकले काढले, एमपी३ केली आणि घरच्या व्हॉट्सॲपवर टाकली. सगळ्यांना आवडलं. तो म्हणाला, "काका, आता त्या मोठाल्या फाइली कशाला? जागा खाऊन राहिल्यात."

त्यातलं एक रेकॉर्डिंग गणपतीच्या आरतीचं होतं. काकांनी डिस्कवर लिहिलं होतं "गणपती, ७१ की ७२". साफ केलेल्या फाइलीत आरती सुरेख ऐकू येते. मी काकूला मूळची, न कापलेली ऐकवली. आरती चालू असताना मागे, डाव्या बाजूला, शेजारच्या गॅलरीत रेडिओ आहे. इंग्रजी बोलणं, शब्द कळत नाहीत. आणि आरतीच्या मध्येच एकदम आरोळी. "जीत गए! अरे जिंकलो रे, जिंकलो!" मग टाळ थांबतात, कोणीतरी हसतं, माई रागावते, आणि आरती पुन्हा सुरू होते. पहिल्यापेक्षा दुप्पट वेगाने.

२४ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला हरवलं. इंग्लंडमध्ये भारताने जिंकलेली ती पहिली मालिका. तिथल्या आपल्या लोकांनी त्या दिवशी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. तिथे दुपार, आपल्याकडे संध्याकाळ, आरतीची वेळ. काकांना जे वर्ष आठवत नव्हतं ते त्या गोंगाटाने सांगितलं. पुतण्याने तो गोंगाटच कापला होता.

काकूने आवाज लगेच ओळखला. "हा दाजी. वरच्या बिऱ्हाडातला. त्याच्या हातून रेडिओ सुटत नव्हता." दाजी म्हणजे भाडेकऱ्यांचा मुलगा, तेव्हा कॉलेजात. पुढे हैदराबादला नोकरी लागली, तिथेच लग्न झालं आणि पस्तिशी ओलांडायच्या आत गेला. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ती हैदराबादच्याच एका मराठी मंडळात आहे हे मला इथल्याच एका ताईंकडून कळलं. मी तिला फोन केला, काय आहे ते सांगितलं. तिने वडिलांचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. फोटो आहेत, आवाज नाही. मी म्हटलं, आरोळीचा तेवढा तुकडा वेगळा करून पाठवतो. ती थोडी थांबून म्हणाली, "नको दादा. तुकडा नको, पूर्ण पाठवा. ते कुठे उभे होते, कोण काय बोलत होतं, सगळं पाहिजे."

पाठवलं. सव्वादोन तासांची फाइल, जशी होती तशी. तिने आठवड्याने कळवलं की आरोळीच्या आधी, चाळिसाव्या मिनिटाला, कोणीतरी "दाजी, आवाज कमी कर" म्हणतं आणि तो "करतो, करतो" म्हणतो. ते आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं.

पुतण्याने त्यानंतर स्वतःच सगळ्या मूळ फाइलींची तिसरी प्रत केली. साफ केलेल्या फाइलीही राहू देत, ऐकायला बऱ्या असतात. पण त्या मूळच्या जागी नाहीत, शेजारी आहेत.

तीन प्रती म्हणजे अशा. एक माझ्याकडे, एक दुसऱ्या हार्ड डिस्कवर काकूकडे, एक पुण्याला माझ्या मुलीकडे. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, तिन्ही ठिकाणच्या फाइलींचे ठसे ताडून बघायचे ठरवलं आहे. खर्च म्हणाल तर हार्ड डिस्कचा आणि दोन जुन्या ड्राइव्हचा, बाकी सगळी सॉफ्टवेअर फुकट.

पण मंडळी, बिट जपले म्हणजे सगळं जपलं असं नाही, हे मला काकूजवळ बसल्यावर कळलं. काकू ८८ वर्षांची आहे. रोज संध्याकाळी तासभर मी तिला ऐकवतो आणि ती सांगते, मी लिहून घेतो. "हा पेटीवर सरंजाम्यांचा भाचा." "ही हसून राहिली ती तुझी आत्या, तेव्हा फ्रॉकात होती." गेल्या वर्षी ती एका बैठकीला दहा-बारा नावं सांगायची. आता चार सांगते आणि थकते. कधी कधी कालचंच नाव आज वेगळं सांगते. डिस्कला ठसा असतो, ताडून बघता येतो. हिच्या आठवणीला दुसरी प्रत नाही. म्हणून मी आता उतरवण्याचं काम संपलं तरी ते संपलं असं धरत नाही. ५० रेकॉर्डिंगांपैकी ३१ मधली माणसं लिहून झाली, १९ राहिली. नावं नुसती वहीत ठेवली नाहीत, प्रत्येक फाइलीच्या आत लिहिली आहेत. फ्लॅकमध्ये ती सोय असते आणि त्याने आवाजाला धक्का लागत नाही. वही हरवते, फाइल जिथे जाईल तिथे नाव बरोबर जातं.

ज्यांची नावं कळली त्यांच्या घरच्यांना आधी विचारतो, मगच बाहेर देतो. गाणारा नसला तरी त्याचं घर असतं. एका घराने नको म्हटलं, ते ठेवून दिलं.

तुमच्याकडे अशा डिस्क असतील तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात त्या गरम कपाटातून काढून सावलीतल्या कोरड्या जागी उभ्या ठेवा. या महिन्यात प्रतिमा उतरवून घ्या, सर्वांत जुनी आधी. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या दोन्हींच्या आधी त्यांच्याजवळ बसा. डिस्क अजून एखादा उन्हाळा काढेल.

शेवटी एक विनंती. ३७ क्रमांकाच्या डिस्कवर काकांनी फक्त "पाहुण्या बाई, माघ" एवढंच लिहिलं आहे. काकूला आठवत नाही. बाई मध्यम वयाच्या वाटतात, आवाज जाडसर, ग्वाल्हेरकडच्या असाव्यात असं बोलण्यावरून वाटतं. आधी यमन, मग टप्पा, मग एक मराठी भजन. पेटीचा भाता चिरकतो. दोन गाण्यांच्या मध्ये त्या म्हणतात, "आता टेम झाला, गाडी सुटेल," आणि तरी आणखी वीस मिनिटं गातात. त्यांच्या बरोबर एक लहान मुलगा आहे, तो दोनदा पाणी मागतो. तो मुलगा आज साठीच्या आसपास असेल. ग्वाल्हेर, उज्जैन, झाशीकडच्या मंडळींनी आपल्या घरी जरूर विचारावं. कोणाची आई किंवा आजी असेल तर मला कळवा, पूर्ण फाइल पाठवतो.